शहरातली एकटी माणसं आणि पडद्यावरचे योगायोग

उगाचच (धागाकर्ती)

'मेदियानेरास' नावाचा एक अर्जेंटिनी सिनेमा आहे, २०११ चा. दिग्दर्शक गुस्ताव्हो तारेत्तो. मार्तिन आणि मारियाना ब्युनोस आयर्समध्ये एकाच रस्त्यावर राहतात. तो घरात बसून वेबसाइटी बनवतो आणि बाहेर पडायला घाबरतो. ती आर्किटेक्चर शिकली, पण एकही इमारत बांधलेली नाही. दुकानांच्या काचेमागचे पुतळे सजवून पोट भरते. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिने चढते. दोघं एकमेकांच्या अंगावरून जातात ते फक्त आपल्याला दिसतं, त्यांना पत्ता नाही. एकदा नेटवर गप्पा जुळतात, तर ऐन वेळी लाइट जाते. (अर्जेंटिनातही जाते. बरं वाटलं.)

सिनेमाचं नाव इमारतींच्या कडेच्या बिनखिडकीच्या भिंतींवरून आलंय. या भिंती कुणाच्याच नसतात, त्यांवर जाहिराती रंगवतात. दोघंही आपापल्या भिंतीला बेकायदा खिडकी पाडतात. पुढचं सांगत नाही.

मला या जातीचे सिनेमे अतोनात आवडतात: मोठं शहर, दोन एकटी माणसं, अचानक गाठ. फक्त योगायोग किती खपवून घ्यायचा हा प्रश्न मला नेहमी पडतो. माझा हिशोब सोपा आहे. भेट घडवायला योगायोग चालेल, तेवढा तिकिटाच्या पैशात आला. पण अडचणीतून सोडवायलाही योगायोगच धावून आला की मी रिमोट शोधते. या हिशोबाने 'सेरेंडिपिटी' (२००१) सपशेल नापास. त्यातली बाई आपलं नाव-नंबर एका पुस्तकात लिहिते आणि ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून टाकते. नशिबात असेल तर तुझ्या हाती लागेल म्हणे! आपल्याकडे रद्दीवाल्याने ते किलोवर नेलं असतं आणि त्यात कुणीतरी भेळ खाल्ली असती.

तुमचे आवडते सांगा. नावडते तर सांगाच.

अर्धाकप

पहिला! वाचून मग सविस्तर लिहितो.

जुना_खार

धागा छान आहे, पण मूळ मुद्द्यालाच हरकत घेतो. शहरात माणसं योगायोगाने भेटत नाहीत, वेळापत्रकाने भेटतात. खेड्यात कोण कुठे असेल ते सगळ्या गावाला माहीत. शहरात तेच काम बस आणि लोकल करतात.

'छोटी सी बात' (१९७६) आठवा. अरुणला प्रभा दिसते ती बसस्टॉपवर. एकदा दिसली यात विशेष काही नाही. ती रोज त्याच वेळेला तिथे उभी असते, कारण तिचंही ऑफिस आहे आणि मस्टरवर तिलाही सही करायची आहे. त्या प्रेमाची सगळी गंमत बेस्टच्या नियमितपणावर उभी आहे. आणि खलनायक कोण? तर नागेश, ज्याच्याकडे स्कूटर आहे. स्कूटरवाल्याला वेळापत्रक लागू नाही, तो केव्हाही येऊन 'चला, सोडतो' म्हणू शकतो. बसच्या रांगेतल्या माणसाला याहून मोठा शत्रू नाही. असरानीने तो काय केलाय!

याचे दिग्दर्शक बासू चटर्जी सिनेमात येण्याआधी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे. ती नजर सगळीकडे दिसते. 'बातों बातों में' (१९७९) मध्ये बसच्या जागी वांद्रे-चर्चगेट लोकल आली, बाकी मामला तोच. आम्ही त्याच लाइनवर नोकऱ्या केल्या. आमच्या डब्यातले दोघे व्याही झाले, पत्त्यांच्या डावातल्या ओळखीवर. हे पुण्याच्या लोकांना पटणार नाही.

कर्जत_फास्ट

काका, तुमच्या लोकलला माझी दुरुस्ती. आम्ही बायका बहुतेक लेडीज डब्यात असतो. तिथे मैत्री होते, डोहाळजेवणं होतात, मटार सोलून होतात, पण 'बातों बातों में' मधल्यासारखा टोनी ब्रॅगँझा समोरच्या बाकावर येऊन बसत नाही. नॅन्सी जनरल डब्यात आहे कारण तिच्याबरोबर अंकल टॉम आहेत. म्हणजे ती भेट लोकलने घडवली की या अंकलनी? १९९२ मध्ये तर अख्खी लेडीज स्पेशल गाडीच सुरू झाली. तेव्हापासून सगळी भिस्त प्लॅटफॉर्मवर आणि ब्रिजवर, आणि ब्रिजवर आम्ही इतक्या पळत असतो की समोर कोण आलं याच्यापेक्षा चप्पल पायात आहे ना हे बघतो.

चिमूटभर

'छोटी सी बात' माझाही लाडका आहे, म्हणून बोलते. एक माणूस रोज एका मुलीच्या मागे तिच्या ऑफिसपर्यंत चालत जातो. अमोल पालेकरचा चेहरा आहे म्हणून आपण 'अगं बाई, बिचारा' म्हणतो. तोच चेहरा दुसऱ्या कुणाचा असता तर आपण पोलिसांना फोन केला असता. सिनेमा वाचतो तो विद्या सिन्हामुळे. प्रभाला सगळं कळत असतं, तिला मजा वाटते, आणि मैत्रिणीबरोबर ती हसतेही. तो तिच्या मागे आहे असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तीच त्याला सोबत चालवत असते.

आणि अरुण ज्यांच्याकडे शिकायला जातो ते खंडाळ्याचे कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग! अशोककुमारने धमाल केलीय, वाद नाही. पण शिकवणी कसली, तर टेबल टेनिस, चॉपस्टिक्स आणि समोरच्याला कमीपणा कसा आणायचा याची. (मूळ कल्पना एका १९६० च्या ब्रिटिश सिनेमाची.) मला कर्नलच्या आधीचा अरुण जास्त आवडतो. एवढं सगळं शिकून शेवटी त्याला पुन्हा पहिल्यासारखंच व्हावं लागतं, हे सिनेमाच सांगतो की.

जुना_खार

@चिमूटभर, पटलं नाही, पण खोडता येत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार रेस्टॉरंट त्यात आहे, तेही २०१५ ला बंद झालं. एक चहा घेऊन तासभर बसलं तरी कुणी उठवत नसे. आता कॉफीच्या एका कपात माझ्या काळातला महिन्याचा पास आला असता.

पल्याड_हडसनच्या

बरीच वर्षं रोमात (नुसता वाचक) होतो, या धाग्याने लिहितं केलं. जर्सीत राहतो, कामाला मॅनहॅटनला जातो, त्यामुळे 'ते' सगळे सिनेमे माझ्या ऑफिसच्या वाटेवर घडतात. कॅट्झ डेली या खानावळीत 'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) मधल्या त्या टेबलावर पाटी टांगलेली आहे. तिथे सॅली भर गर्दीत शृंगारसुखाचं जे नाटक करते ते आणि त्यावरचा शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा एका ओळीचा शेरा, दोन्ही जगप्रसिद्ध. त्या बाई म्हणजे दिग्दर्शक रॉब रायनर यांच्या सख्ख्या मातोश्री! आईला असा संवाद द्यायला छाती लागते.

मुद्द्यावर येतो. अमेरिकन सिनेमातली एकटी माणसं खरोखरच एकटी राहतात. स्वतःची खोली, स्वतःची चावी, रात्री स्वतःचा फ्रिज उघडून उभ्याउभ्या खाणं. (लहानसं पुस्तकांचं दुकान चालवून अप्पर वेस्ट साइडला तसलं घर कसं परवडतं हे 'यू हॅव गॉट मेल' मध्ये कुणी सांगत नाही. आम्ही तीन रूममेट मिळून भाड्याला रडायचो.) त्यामुळे त्यांच्या पटकथेचं काम एकच: यांना घराबाहेर काढा आणि कुणाला तरी धडकवा. म्हणून मग एम्पायर स्टेटची गच्ची, हातमोज्यांची एकच उरलेली जोडी, अनोळखी माणसाला लिहिलेली ईमेल.

आपल्याकडे उलटं आहे. माणूस घरात कधी एकटा नसतोच. आईवडील, बहीण, गावाहून आलेला मामा. दोघांना बोलायला कोपरा हवा म्हणून ते बसस्टॉपवर, बँडस्टँडवर, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर येतात. तिकडच्या सिनेमात गर्दीत माणूस शोधतात, आपल्या सिनेमात गर्दीतून सुटका शोधतात.

उगाचच

@पल्याड, धाग्याचं सार्थक झालं. लिहित राहा हो.

'यू हॅव गॉट मेल' (१९९८) ची वंशावळ मजेशीर आहे. आधी मिक्लोश लास्लो यांचं १९३७ चं हंगेरियन नाटक, अत्तराच्या दुकानातलं. त्यावरून दिग्दर्शक लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०), बुडापेस्टमध्येच घडणारा. दुकानातले दोन नोकर दिवसभर भांडतात आणि रात्री नकळत एकमेकांनाच पत्रं लिहितात. 'यू हॅव गॉट मेल' च्या दिग्दर्शिका नोरा एफ्रनने पत्राची ईमेल केली. पण नोकराच्या जागी आणला साखळी दुकानांचा मालक, जो हिचं दुकान बुडवतो! दुकान गेलं ते गेलंच, वर प्रेम त्याच्यावर. मला १९४० चा जास्त भावतो. त्यात दोघांनाही नोकरी जायची सारखीच भीती आहे.

कॉटबेसिस

नाव वाचून कळलंच असेल, भाड्याच्या खाटेवरून बोलतोय. @पल्याड म्हणतात ते अर्धंच खरं. आता आपल्याकडेही ढिगाने एकटे आहेत, फक्त त्यांना घर कुणी देत नाही. पुण्यात सोसायटीच्या गेटवर पहिला प्रश्न 'फॅमिली का बॅचलर?' ब्रोकर आधी आडनाव विचारतो, मग नॉनव्हेज, मग मैत्रिणी येणार का. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपता संपता मालकांचा पुतण्या हटकून अमेरिकेहून परत येतो.

आणि यावर मराठीत सिनेमा नाही म्हणता? 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) काय आहे मग! मालकीणबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत म्हणून दोन बाप्ये साड्या नेसतात. आधार हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) चा. वीस-बावीस वर्षांनी उचलला तरी अडचण तशीच ताजी होती. आज पुन्हा केला तरी चालेल, फक्त लीलाबाईंच्या जागी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप टाका.

अर्धाकप

हसून हसून पुरेवाट. लीलाबाई काळभोर ग्रुप ॲडमिन!!

जुना_खार

घराचंच निघालंय तर 'पिया का घर' (१९७२) ला विसरू नका. लग्न झालंय, पण घरात माणसंच इतकी की नवराबायकोला बोलायला जागा नाही. तोही बासूदांचाच, आणि मूळ आपलं मराठी: राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०). 'घरौंदा' (१९७७) मध्ये तर फ्लॅटपायी प्रेमच मोडतं, तो विनोदी नाही म्हणून बाजूला ठेवतो.

शनिवारपेठी

एवढे प्रतिसाद झाले आणि 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) चं नाव कुणी काढलं नाही? निषेध. सतीश राजवाडे, मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी. मुंबईची मुलगी पुण्यात मुलगा बघायला नव्हे, नकार द्यायला येते. पत्ता सापडत नाही, एका पुणेकराला विचारते आणि दिवसभर दोघं शहर पालथं घालतात. दोन माणसं, एक दिवस, बाकी सगळं बोलणं. पात्रांना पहिल्या भागात नावंसुद्धा नाहीत. ती दुसऱ्या भागात (२०१५) मिळाली.

व्हिएन्नातला 'बिफोर सनराइज' (१९९५) त्यामागे दिसतो असं सगळे म्हणतात. असेल. पण ते दोघं प्रेम, मृत्यू आणि पुनर्जन्म बोलतात, हे दोघं मुंबई भारी की पुणे भारी यावर भांडतात. आणि मला विचाराल तर हे जास्त खरं आहे. अनोळखी माणसापाशी मराठी माणूस एकदम मन मोकळं करत नाही. आधी तो वाद घालतो. वादात समोरचा टिकला तरच पुढे घरचं सांगतो. पत्ता विचारल्यावर पुणेकराने आधी पत्ता विचारण्याच्या पद्धतीतली चूक काढणं ही आमच्याकडे ओळख वाढवायची रीत आहे.

कर्जत_फास्ट

म्हणूनच आम्ही पुण्यात नकाशा बघून फिरतो.

चिमूटभर

('मुंबई-पुणे-मुंबई' न पाहिलेल्यांनी हा प्रतिसाद ओलांडा.)

मला त्या सिनेमाचा शेवटच सगळ्यात मराठी वाटतो. दिवसभर ज्याच्याबरोबर ती फिरली, तो म्हणजे तिला ज्याला नकार द्यायचा होता तोच मुलगा! घरच्यांनी आणलेलं स्थळ. म्हणजे कुठलाही योगायोग नाही, हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पोह्यांशिवाय आणि दोन्हीकडच्या मंडळींशिवाय. आपल्याला मुलीचं स्वातंत्र्यही हवं, तिने स्वतः निवडावं हेही हवं, आणि शेवटी आईवडिलांनी काढलेलं स्थळच बरोबर निघावं हेही हवं. सिनेमाने तिन्ही दिलं, कुणालाच दुखावलं नाही. म्हणूनच तो घरोघरी सहकुटुंब बघितला गेला.

अमेरिकन सिनेमात योगायोगाच्या मागे नशीब असतं, आपल्याकडे योगायोगाच्या मागे आई असते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. आमच्याकडे येणारी स्थळं बघता ज्यांचा असा दिवस जातो त्यांचा हेवाच वाटतो.

अर्धाकप

स्पॉयलर! ओलांडा म्हटलं की डोळे तिथेच जातात हो ताई.

चिमूटभर

२०१० चा सिनेमा आहे, आजोबा.

क्ष_किरण

हाँगकाँगशिवाय हा धागा अपुरा आहे. वाँग कार-वायचा 'चुंगकिंग एक्सप्रेस' (१९९४). दोन पोलिस, दोघांचीही प्रेयसी सोडून गेलेली. पहिला १ मे ही मुदत छापलेले अननसाचे डबे जमवत बसतो. दुसरा घरातल्या साबणाशी आणि ओल्या टॉवेलशी बोलतो. खाण्याच्या टपरीवरची फे त्याच्या घराची किल्ली मिळवून तो नसताना घर आवरून जाते, आणि या गड्याच्या लक्षातच येत नाही. @चिमूटभर, इथे पाठलाग मुलगी करतेय, तरीही पोलिसांना फोन करणार का? (नायकच पोलिस आहे म्हणा.)

@जुना_खार यांच्या वेळापत्रकाच्या मुद्द्याला यात भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या पोलिसाचं घर सेंट्रल ते मिड-लेव्हल्स या सरकत्या जिन्यांना लागून आहे. ८०० मीटरची ही रांग १९९३ मध्ये सुरू झाली, म्हणजे सिनेमाच्या वेळी कोरी करकरीत होती. सकाळी दहापर्यंत जिने खाली जातात, कामावर जाणाऱ्यांसाठी. नंतर दिवसभर वर. अख्ख्या उतारावरची माणसं कुठल्या वेळी कुठल्या दिशेला जाणार हे यंत्र ठरवतं. आणि त्यावरून जाताना बाजूच्या घरांच्या खिडक्यांत सरळ दिसतं! ते घर खरं तर छायाचित्रकार क्रिस्टोफर डॉईलचं राहतं घर होतं. शहराची एक सोय झाली आणि तिच्यातून आख्खी प्रेमकथा सुचावी, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

जुना_खार

हा सिनेमा पाहिलेला नाही, आज रात्री पाहतो. दहा वाजता दिशा बदलणारा जिना! आमच्या दादरच्या ब्रिजवर दिशा माणसंच ठरवतात, जे जास्त असतील ते.

अर्धाकप

आता माझं सविस्तर. 'द लंचबॉक्स' (२०१३) कुठे बसतो? डबा चुकीच्या टेबलावर जातो, चिठ्ठ्या सुरू होतात. मुंबई आहे, योगायोग आहे, हसूही येतं. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आँटी तर कधी दिसतच नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज आणि दोरीने खाली येणारी टोपली. पण डबा पाठवणाऱ्या इलाचं लग्न झालेलं आहे, मग ती 'एकटी' कशी?

उगाचच

@अर्धाकप, तो सिनेमा पुन्हा बघ. दिवसभरात तिच्याशी बोलतं कोण, ते मोज.

पल्याड_हडसनच्या

माझ्या हिशोबात तो बसतो. डबेवाल्यांची चूक फार क्वचित होते, सगळी गोष्ट त्यावर तर उभी आहे. रोज घोटाळे करणाऱ्या व्यवस्थेत चुकलेल्या डब्याची गोष्ट होत नाही, तक्रार होते. म्हणजे पुन्हा खारच्या काकांचाच मुद्दा: आधी नियमितपणा, मग चूक. आणि चूक एकदाच झाली, पुढचे डबे दोघांनी जाणूनबुजून चुकू दिले. चांगल्या सिनेमात योगायोग पहिल्या दिवसापुरता असतो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी मुद्दाम त्याच जागी येऊन उभं राहतं.

कॉटबेसिस

पण आता पुढचं काय? मुदलात बसस्टॉपवर वर बघतं कोण? 'बिफोर सनराइज' मध्ये दोघं फोन नंबर न घेता सहा महिन्यांनी स्टेशनवर भेटायचं ठरवतात. आज नंबर न घेण्याला काही कारणच देता येत नाही. नुसतं पहिलं नाव कळलं तरी रात्रीपर्यंत मुलगी, तिची शाळा आणि मावसभावाचं लग्न सगळं सापडतं. डेटिंग ॲपवर तर योगायोगाला जागाच नाही: वय, उंची, अंतर, कुत्रा की मांजर. माझा एक मित्र ॲपवर जिच्याशी महिनाभर बोलत होता, ती त्याच्याच ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर निघाली. दोघं भेटले कँटीनमध्ये, कूपन संपलं म्हणून.

क्ष_किरण

बघ, तूच सिनेमा सांगितलास. फोन आला म्हणून असे सिनेमे संपले हे मला पटत नाही. पत्रं होती, टेलिफोन होता, तरी १९३४ मध्ये 'इट हॅपन्ड वन नाइट' चाललाच. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार, लांबच्या बसमध्ये जागेवरून भांडण. मुख्य पाचही ऑस्करं घेऊन गेला. आपल्याकडे त्यावरून 'चोरी चोरी' (१९५६) झाला आणि 'दिल है कि मानता नहीं' (१९९१) सुद्धा. बसमधली जागा हवी तेव्हा मिळत नाही, हे कुठल्याही ॲपने बदललेलं नाही.

शनिवारपेठी

मग लिहा ना कुणीतरी. संध्याकाळी सहाला हिंजवडीहून निघालेली कंपनीची बस, शेजारी अनोळखी सीट.

कर्जत_फास्ट

नको. शिवाजीनगरला पोचेपर्यंत दोघांचं जमून, लग्न होऊन, मुलं शाळेत गेलेली असतील. मध्यंतर कुठे घेणार?

शनिवारपेठी

वाकडच्या पुलाखाली. तिथे तसंही सगळं थांबतं.